परत्याने सैल केलेला नट

परत्याचं खरं नाव वर्कशॉपमध्ये फक्त हजेरीपटाला माहीत होतं. बाकी सगळे त्याला परत्याच म्हणत, आणि हे नाव त्याला त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने दिलं होतं. मुद्दाम बसून दिलं नव्हतं. बावीस वर्षं थोरला त्याला रोज एकच शब्द ऐकवत आला होता, “परत.” म्हणजे केलेलं काम खोल, पुन्हा ट्रॅक्टरखाली जा, पुन्हा कर. लोकांना काय, हसायला कारण पाहिजेच असतं. आधी चहाच्या बाकड्यावर हे नाव निघालं, मग फाटकावर गेलं, आणि एके दिवशी परत्याच्या बायकोलाच बाजारात कुणीतरी ‘परत्याची बायको’ म्हणालं. त्या दिवशी तिने घरी भांडी जरा जोरात आपटली.

वर्कशॉप शेतकऱ्यांच्या संस्थेचं होतं. पत्र्याची लांब शेड, ट्रॅक्टरखाली काम करायचे चार खड्डे, तेलाने काळी पडलेली फरशी, आणि शेडमधून अंगणात उतरणारा सिमेंटचा उतार. हंगामाच्या आधी आसपासचे सगळे ट्रॅक्टर तिथे स्टेअरिंग तपासून घ्यायला येत. आवळाआवळ करणारे मेकॅनिक चौघे होते, पण तपासणारा एकच, तो थोरला. त्याने पुढच्या चाकाच्या रिमवर खडूची खूण केल्याशिवाय ट्रॅक्टर फाटकाबाहेर जात नसे. मॅनेजरचा स्वतःचा असला तरी नाही.

त्याची तपासणी बघायला माणसं थांबत. तो पायरीवर चढायचा, उजव्या हाताची दोन बोटं स्टेअरिंगच्या कड्यावर ठेवायचा आणि कडं हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा. पुढची चाकं जागची हलायच्या आत कडं दोन बोटांच्या रुंदीपेक्षा जास्त फिरलं, की नापास. तेवढ्यावरून तो सांगायचा, “डावीकडचा बॉल जॉइंट झिजलाय,” किंवा “बॉक्सचा नट नीट आवळला नाहीस.” खोलून बघितलं की तसंच निघायचं. काम चांगलं असलं की म्हणायचा, “ठीक आहे,” आणि खडू ओढायचा. हे ‘ठीक आहे’ ऐकायला बाकीचे तिघे जीव टाकत. परत्याच्या वाट्याला ते कधी आलंच नाही. त्याला आधी ‘परत’ मिळायचं, आणि दुसऱ्या खेपेला नुसती खडूची रेघ, तीही तोंड दुसरीकडे करून.

परत्याचा हात वाईट होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. चौघांत सगळ्यात चांगला हात त्याचाच. ट्रॅक्टरचा जन्म सरळ रेषेत चालण्यात जातो, त्यामुळे स्टेअरिंग बॉक्समधले दाते मधोमध झिजतात आणि कडेचे नवेच्या नवे राहतात. कच्चा माणूस मधला ढिलेपणा बघून स्क्रू आवळून टाकतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि शेताच्या टोकाला वळताना स्टेअरिंग अडकून बसतं. परत्या असं कधी करत नसे. तो स्क्रूला पाव वळसा द्यायचा, कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा, पुन्हा पाव वळसा. अर्धा दिवस गेला तरी चालेल, पण वळताना कुठे अडलेलं त्याला खपायचं नाही. थोरल्याला हे दिसत नव्हतं असं नाही. पण चांगल्याला चांगलं म्हटलं की ते नासतं, असं त्याचं ठाम मत होतं, आणि हे मत त्याने आयुष्यभर फक्त धाकट्या भावावर वापरलं.

एक दिवस तर परत्याच्या काळजात रुतूनच बसला होता. लग्न ठरायच्या आधी होणारा सासरा जावई काय काम करतो ते बघायला वर्कशॉपमध्ये आला. पांढरे कपडे घालून कडेला उभा राहिला. थोरल्याने त्या दिवशी एकाच ट्रॅक्टरवर चार वेळा ‘परत’ म्हटलं. चौथ्या वेळी परत्या खाली गेला, पाना छातीवर ठेवून डोळे मिटून पडून राहिला, कशालाच हात लावला नाही, आणि दहा मिनिटांनी बाहेर आला. थोरल्याने बोटं ठेवली आणि खडू ओढला. सासरा जाताना हळूच विचारून गेला, “शिकतोयस वाटतं अजून?” लग्न झालं, पोरं झाली, पण ते वाक्य बायकोच्या तोंडून वर्षाला दोनदा तरी बाहेर पडायचंच.

म्हणून परत्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. थोरला निवृत्त झाला की तपासणीचा खडू आपल्या हातात यावा. पण पुढचा तपासनीस कोण हे थोरलाच ठरवणार होता, आणि परत्याला खात्री होती की तो वेल्डरचं नाव घेणार. चौघा मेकॅनिकांतलाच एक, वेल्डिंगही करायचा म्हणून वेल्डर, परत्याचा जिवाभावाचा दोस्त. एका डब्यात जेवायचे दोघं. पण खडूचा विचार आला की परत्याला दोस्ताच्या डब्यातली भाजीसुद्धा गोड लागत नसे.

दीड वर्षापूर्वी थोरल्याने तपासायची रीत बदलली. बोटं ठेवायचा, पण लगेच उतरायचा, मेकॅनिकला सीटवर बसवून कडं फिरवायला सांगायचा, आणि स्वतः पुढच्या चाकाशी उकिडवा बसून एकेक जॉइंट डोळ्यांनी बघायचा. गुडघे कुरकुरायचे, तरी बसायचा. लोक म्हणाले, म्हातारपणी सोंगं वाढली. परत्याच्या कामाला मात्र तो कधी वाकला नाही. बोटं, परत, खडू, एवढंच. परत्याला हे फार लागलं. सगळ्यांच्या कामाला वाकतो आणि सख्ख्या भावाचं काम वाकून बघायच्याही लायकीचं समजत नाही, असा त्याने अर्थ लावला. वाईट अर्थ लावायला परत्याला कधी वेळ लागत नसे. बावीस वर्षांत तेवढी सवय त्याला झाली होती.

मग एका दुपारी त्याने ते पाहिलं. थोरला नुकत्याच बंद केलेल्या ट्रॅक्टरला टेकून मॅनेजरशी बोलत होता, आणि त्याची दोन बोटं तापलेल्या सायलेन्सरवर होती. मॅनेजर फाटकाकडे बघत होता, त्याला काही कळलं नाही. थोरल्याचं अख्खं वाक्य बोलून झालं, दुसरं सुरू झालं, तरी हात तिथेच. चामडी जळाल्याचा वास परत्याच्या नाकाला आला तेव्हा कुठे थोरल्याने खाली बघितलं, हात काढला आणि गुपचूप खिशात घातला.

परत्याला सगळं एका क्षणात समजलं. थोरल्याची बोटं मेली होती. ज्या बोटांनी आपल्याला बावीस वर्षं ट्रॅक्टरखाली लोळवलं, त्यांना आता सायलेन्सरची आच कळत नाही. दुसरा कुणी भाऊ असता तर त्याने थोरल्याचा हात धरून नळाखाली नेला असता. परत्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला, आणि बायकोने विचारलं, “आज काय सापडलं?” तर म्हणाला, “सापडलं खरं.”

त्याने कुणाला सांगितलं नाही. नुसतं सांगितलं तर लोक हळहळतील, थोरल्याला डॉक्टरकडे नेतील, शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवतील. परत्याला ते नको होतं. त्याला थोरल्याला सगळ्यांसमोर नापास झालेलं बघायचं होतं. आणि संधी चालून आली. पुढच्याच महिन्यात संस्थेचे पाच सदस्य वर्कशॉपमध्ये येणार होते. त्यांच्यासमोर थोरला शेवटची तपासणी करणार आणि पुढच्या माणसाचं नाव सांगणार, असं मॅनेजरने फळ्यावर लिहिलं.

त्या दिवशी तपासणीला मावशींचा ट्रॅक्टर होता. या मावशी म्हणजे अंगाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट बाई. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालवायच्या आणि दोन नातवंडांना दोन्ही मडगार्डवर बसवून शाळेत सोडायच्या. काम परत्याकडे होतं आणि त्याने ते आदल्या दिवशीच मन लावून पुरं केलं होतं. सकाळी भोंगा व्हायच्या आधी तो एकटाच आला आणि त्याच ट्रॅक्टरखाली शिरला. स्टेअरिंग बॉक्सपासून पुढच्या चाकाकडे एक लांब दांडा जातो. त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटवर एक नट असतो, आणि तो आपोआप सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घातलेली असते. परत्याने पिन काढून खिशात टाकली. नट चार आटे सैल केला. एवढ्याने भागत नाही, कारण जॉइंटचा निमुळता खिळा आपल्या जागी घट्ट रुतून राहतो. म्हणून त्याने हातोडीचा एक नेमका ठोका बाजूने दिला. खिळा सुटला, दांडा हातात खुळखुळला. वरून त्याने ग्रीस फासलं.

वाकून बघितलं असतं तर पोरानेही ओळखलं असतं. पण थोरला आपल्या कामाला वाकत नाही, याच एका गोष्टीवर परत्याने सगळा डाव मांडला होता. तपासणी झाली की सगळ्यांसमोर दाखवायचं आणि लगेच नट आवळून टाकायचा. ट्रॅक्टर फाटकाबाहेर जाणारच नव्हता, तेव्हा धोका कसला, असं त्याने स्वतःला समजावलं.

दहाच्या सुमाराला तो हात धुवायला गेला आणि परत येऊन बघतो तर ट्रॅक्टर शेडमध्ये नाही. वेल्डर सीटवर बसून तो अंगणात नेत होता. सदस्यांना उजेडात बघता यावं म्हणून मॅनेजरनेच सांगितलं होतं. ट्रॅक्टर उताराच्या तोंडाशी आला होता. वेल्डरचा एक हात स्टेअरिंगवर होता, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास. उताराच्या खाली बाकड्यावर चार माणसं पाठमोरी बसली होती.

परत्याने तोंड उघडलं. ‘थांब’ एवढं म्हणायचं होतं. पण थांब म्हटलं की का, हे सांगावं लागलं असतं, आणि मग दुपार हातची गेली असती. त्याने तोंड मिटलं. ट्रॅक्टर उतरताना जरा डावीकडे झुकला, वेल्डरने ग्लास दातांत धरून दोन्ही हातांनी कडं ओढलं, आणि बाकड्यापासून हातभर अंतरावरून ट्रॅक्टर अंगणात गेला. “ए, डोळे फुटले का?” बाकड्यावरचा एकजण ओरडला. वेल्डर हसला. परत्याही हसला.

दुपारी सदस्य आले, मावशी आल्या, चहा फिरला. थोरला पायरीवर चढला. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. वहिनीने गळ्यापर्यंत बटणं लावून दिली होती. त्याने दोन बोटं कड्यावर ठेवली. अंगणातल्या प्रत्येकाला पुढचा शब्द पाठ होता, आणि दोघं-तिघं तो ऐकायच्या आधीच गालात हसू लागले होते. थोरल्याने कडं जरासं हलवलं, खाली परत्याकडे बघितलं आणि म्हणाला, “ठीक आहे.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा. खोटं कशाला सांगायचं, क्षणभर तो नट विसरलाच. थोरला सदस्यांकडे वळून पुढे काहीतरी बोलणार होता. परत्या दोन मिनिटं गप्प बसला असता तर त्याचं भलं झालं असतं. पण महिनाभर घोकून ठेवलेलं भाषण घशाशी आलेला माणूस गप्प बसत नाही.

“ठीक?” तो ओरडला. “हे ठीक आहे? या सगळ्यांनी इकडे! बघा तुमच्या तपासणीवाल्यांचं ठीक!”

त्याने पुढच्या चाकाशी बसून दांडा धरला आणि हलवला. खडखड आवाज झाला. ग्रीस पुसून त्याने सैल नट दाखवला. सदस्य वाकून बघायला लागले. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला.

“पाच बोटं फिरतंय स्टेअरिंग! आणि यांना कळलं नाही. कळणार कसं? बोटं मेलीत यांची. दादा, हात दे इकडे.”

थोरला उतरला. त्याने हात मागे घेतला नाही. परत्याने खिशातली पिन काढली आणि तिचं टोक थोरल्याच्या बोटात खुपसलं. लाल थेंब आला, मोठा झाला आणि जमिनीवर पडला. थोरला त्या बोटाकडे दुसऱ्या कुणाचं असावं तसा बघत राहिला. दुसरं बोट परत्याने टोचलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “पुरे रे, माणूस आहेस का कोण?”

“मला विचारा ना मावशी, बावीस वर्षं काय भोगलंय ते,” परत्या म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

थोरल्याने बोट तोंडात घालून चोखलं आणि शर्टाला पुसलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, नेहमीच्याच कोरड्या आवाजात बोलला. “बोटं गेलीत, खरं आहे. दीड वर्ष झालं. सांगितलं नाही, ती माझी चूक. तेव्हापासून प्रत्येकाचं काम डोळ्यांनी बघतोय. एकाचंच बघत नव्हतो.”

“माझं,” परत्या म्हणाला. “कारण माझी किंमतच नाही तुला.”

“तुझं बघायची गरज पडली नव्हती. वेल्डरचंही वाकून बघावं लागतं, तुझं नाही. यांना आज तुझं नाव सांगणार होतो. मॅनेजरना आठ दिवसांपूर्वीच सांगून ठेवलंय. विचार.”

मॅनेजरने मान हलवली. मग थोरला, गुडघे कुरकुरत, चाकाशी उकिडवा बसला. पहिल्यांदाच धाकट्याच्या कामाला तो वाकला होता. जॉइंट बघितला, दांडा बघितला, आणि मेल्या बोटाने जॉइंटच्या बाजूला चमकणारी एक जागा दाखवली. “हा हातोडीचा ठोका आजचा आहे. गंज नाही, धूळ नाही. नट आपोआप सुटला असता तर पिन तुटून खाली पडली असती. ती तुझ्या खिशात कशी आली?”

परत्याच्या हातात अजून पिन होती. उत्तर सगळ्यांना मिळालं होतं. परत्या घाईघाईने म्हणाला, “मी लगेच आवळणारच होतो. फाटकाबाहेर जाऊच दिला नसता. यांचं ढोंग दाखवायला दुसरा रस्ता होता का?”

“कधी सैल केलास?” हा प्रश्न वेल्डरने विचारला. तो मागून पुढे आला होता.

परत्याने पिन पुन्हा खिशात टाकली.

“सकाळी मी उतारावरून आणला तेव्हा सैल होता?”

“तू सावकाश चालवत होतास,” परत्या म्हणाला.

“तू पाण्याच्या टाकीजवळ उभा होतास. मी तुला बघितलं. तू हसलास माझ्याकडे बघून.” वेल्डरने हात उचलला नाही की शिवी दिली नाही. नुसता म्हणाला, “खाली माझा बाप बसला होता बाकड्यावर.” आणि बाजूला जाऊन नळाखाली तोंड धुवायला लागला. बराच वेळ धूत राहिला.

परत्या पाना घेऊन ट्रॅक्टरकडे निघाला तेव्हा मावशी आडव्या उभ्या राहिल्या. “तू लांब हो. माझी नातवंडं बसतात याच्यावर.” नट वेल्डरने आवळला, पिन नवी घातली. थोरल्याने वाकून बघितलं, पण खडूची खूण मॅनेजरने केली, कारण थोरल्याच्या हातून खडू त्याने त्याच वेळी काढून घेतला होता. थोरल्यालाही कुणी सोडलं नाही. दीड वर्ष अंदाजाने ट्रॅक्टर सोडले, असा ठपका ठेवून त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर तो चहाचा रिकामा ग्लास बाकड्यावर ठेवून एकटाच चालत गेला. दोघा भावांची घरं एकाच भिंतीला लागून आहेत. तेव्हापासून भिंतीच्या पलीकडून बोलण्याचा आवाज येत नाही. थोरल्याने चार शिव्या दिल्या असत्या तर परत्याने त्या आवडीने खाल्ल्या असत्या, पण त्याने तेवढीही मेहरबानी केली नाही.

खडू वेल्डरकडे गेला. परत्याला कामावरून काढलं नाही, कारण हात चांगला होता, हे सगळ्यांनी मान्य केलं. पण त्याला स्टेअरिंगपासून दूर ठेवलं. त्याच्याकडे आता ट्रॉल्या असतात. ट्रॉलीचा एक्सल, ट्रॉलीची चाकं, ट्रॉलीचा हूक. ट्रॉली मागून ओढत न्यायची असते, तिला वळवणारं काही नसतं. परत्या ती कामंही जीव ओतून करतो. वेल्डर येऊन एकेक नट स्वतःच्या पान्याने आवळून बघतो, आणि तोवर सगळे उभे असतात. जेवायला वेल्डर दुसऱ्या बाकड्यावर बसतो.

परवा मावशींचा ट्रॅक्टर ऐन फाटकात बंद पडला. दुपारची जेवणाची सुट्टी होती, उन्हाने पत्रा तापला होता, शेडमध्ये परत्या एकटाच. तो धावत गेला, बोनेट उचलून बघितलं. काही नव्हतं, बॅटरीची वायर निघाली होती. पाना न लावता नुसत्या हाताने बसली असती.

“मावशी, नुसती वायर आहे. लावून देतो, दोन मिनिटं,” तो म्हणाला. हात पुढे केला होता.

मावशींनी चावी काढून कमरेला खोचली. दोन्ही नातवंडांना मडगार्डवरून खाली उतरवलं, एकाला डाव्या, एकाला उजव्या बाजूला घेतलं, आणि फाटकाच्या सावलीत दगडावर बसल्या.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “वेल्डर जेवून येऊ दे. आम्ही थांबतो.”